वॉर्डातील मृत्यूंविषयी मनात शंका आली तर: परिचारिका, रुग्णालय प्रशासन आणि नातेवाईक यांच्यासाठी मार्गदर्शन

इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या हाइड या छोट्या गावात २४ मार्च १९९८ रोजी डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांनी तेथील कॉरोनरला, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, एक गोष्ट सांगितली. शेजारच्या दवाखान्यातील डॉ. हॅरॉल्ड शिपमन यांचे रुग्ण, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया, फार मोठ्या संख्येने मरत होत्या. दहनाच्या परवानगीच्या कागदांवर दुसऱ्या डॉक्टरची सही लागत असे आणि शिपमन यांच्या कागदांवर ती सही रेनॉल्ड्स यांच्या दवाखान्यातील डॉक्टर करत असत. त्यामुळे आपल्या रुग्णांची संख्या तिपटीहून अधिक असूनही सुमारे तीन महिन्यांत आपल्याकडे १४ मृत्यू झाले आणि शिपमन यांच्याकडे १६, ही तुलना त्यांना करता आली. पोलिसांनी चौकशी केली, पण संशयिताची पूर्वीची शिक्षासुद्धा तपासली नाही, आणि चार आठवड्यांच्या आत प्रकरण बंद केले. त्यानंतर शिपमनने आणखी तीन स्त्रियांना मारले.

न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशी आयोगाने २००२ मध्ये त्याच्या हातून मेलेल्या रुग्णांची संख्या २१५ अशी निश्चित केली आणि पुढच्या अहवालांमध्ये ती अडीचशेच्या जवळपास असावी असा अंदाज दिला. न्यायालयात जानेवारी २००० मध्ये सिद्ध झालेले खून होते १५. एवढी वर्षे हे चालू राहिले त्याचे कारण तो माणूस अत्यंत चतुर होता हे नव्हे. त्याने केलेल्या नोंदी निष्काळजीपणाच्या होत्या, एका रुग्ण स्त्रीच्या नावाने त्याने तयार केलेले बनावट मृत्युपत्र तर कोणालाही खटकावे इतके ओबडधोबड होते. कारण एवढेच की प्रत्येक मृत्यू ज्याने पाहिला त्याने तो एकटाच पाहिला. मुलीने आपल्या आईचा, शेजारणीने आपल्या शेजारणीचा, मृत्यूंची नोंदणी करणाऱ्या निबंधकाने आपल्या टेबलावर आलेल्या कागदाचा. अनेक मृत्यू शेजारी-शेजारी मांडून पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते.

मी अनेक वर्षे रुग्णालयांत परिचारिका म्हणून आणि नंतर अधिसेविका, म्हणजे मेट्रन, म्हणून काम केले आहे. आपल्या वॉर्डात कोणी जाणूनबुजून रुग्णाला इजा करत असेल, हा विचार मनात येणेसुद्धा आपल्याला पाप वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे, कारण ज्याच्यासोबत आपण डबा खातो, रात्रपाळीत चहा घेतो, त्याच्याविषयी असा विचार कोणाला करावासा वाटेल? म्हणूनच शंका आलीच तर कोणत्या क्रमाने काय करायचे, हे आधीपासून ठाऊक असले पाहिजे. ऐनवेळी माणूस एक तर गप्प बसतो किंवा नको त्याच्याजवळ बोलून बसतो, आणि दोन्हींत नुकसान रुग्णाचेच होते.

पहिले पाऊल: संशय माणसावर नव्हे, घटनेवर ठेवा

अतिदक्षता विभागात माणसे मरतात. एखाद्या महिन्यात जास्त मरतात. एखाद्या परिचारिकेच्या पाळीत सलग तीन मृत्यू होणे ही दुर्दैवाची बाब असू शकते, आणि बहुतेक वेळा ती तशीच असते. जी परिचारिका जास्त अनुभवी असते तिच्याकडे जास्त गंभीर रुग्ण दिले जातात, जी जास्त रात्रपाळ्या करते तिच्या नावापुढे जास्त मृत्यू दिसतात. हे लक्षात न घेता बोट दाखवले तर काय होते, याचे उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. द हेग येथील लुसिया द बर्क या परिचारिकेला २००३ मध्ये रुग्णांच्या खुनांबद्दल जन्मठेप झाली. एवढ्या घटनांच्या वेळी ती योगायोगाने हजर असण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक आहे, असे न्यायालयाला सांगण्यात आले होते. पुढे लक्षात आले की गणितच चुकीचे होते आणि त्याआधी घटनांची निवड चुकीची होती. तिच्यावर संशय आल्यानंतर जुने मृत्यू पुन्हा तपासले गेले आणि ती हजर असलेले मृत्यू ‘संशयास्पद’ ठरत गेले, ती हजर नसलेले मात्र नैसर्गिकच राहिले. खटला पुन्हा उघडून एप्रिल २०१० मध्ये तिची निर्दोष मुक्तता झाली. तिच्या आयुष्याची कित्येक वर्षे तुरुंगात गेली होती.

त्यामुळे यादी करायची तर क्रम उलटा ठेवावा लागतो. ठरावीक काळातील, समजा गेल्या सहा महिन्यांतील, वॉर्डातले सर्व मृत्यू आणि अचानक प्रकृती ढासळण्याचे सर्व प्रसंग आधी काढावेत. ते अपेक्षित होते की अनपेक्षित, हे ज्याला त्या वेळची ड्यूटी लिस्ट ठाऊक नाही अशा, शक्यतो दुसऱ्या विभागातील, डॉक्टरने केस पेपर वाचून ठरवावे. हे वर्गीकरण लिहून झाल्यावरच कोण कोणत्या पाळीत होते हे शेजारच्या रकान्यात भरावे. ही एक शिस्त पाळली तर निरपराध माणसाचे रक्षण होते आणि खरोखरच काही घडत असेल तर तो पुरावा नंतर न्यायालयातही टिकतो. इंग्लंडमधील ल्युसी लेटबी या परिचारिकेला २०२३ मध्ये सात बालकांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने त्या खटल्यातील वैद्यकीय पुराव्यालाच आव्हान दिले. सुरुवातीची तपासणी निःसंशय रीतीने झाली नाही तर मृतांच्या आईवडिलांना वर्षानुवर्षे खात्रीचे उत्तर मिळत नाही, हे त्या वादातून दिसते.

काय पाहायचे

अनपेक्षित मृत्यू निघाले, की त्यांतील प्रत्येकाविषयी काही साधे प्रश्न विचारायचे असतात. तासाभरापूर्वी रुग्णाची नाडी, रक्तदाब, श्वास कसा होता? शेवटचे त्याच्याजवळ कोण गेले आणि कशासाठी? प्रकृती बिघडल्याचे प्रथम कोणाच्या लक्षात आले? त्या रुग्णाची जबाबदारी ज्याच्याकडे नव्हती असे कोणी तेथे होते काय? सांगितलेली हकिगत आणि कागदावरील वेळा जुळतात काय?

शिपमनच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे विलक्षण सारखी येत होती. स्त्रिया दिवसा, आपल्या घरी, रोजच्या कपड्यांत, खुर्चीत बसलेल्या अवस्थेत मृत सापडत. दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा मृत्यू असा नसतो. सर्वसाधारण मृत्यू चोवीस तासांत विखुरलेले असतात, त्याच्या रुग्णांचे मृत्यू दुपारी दोनच्या आसपास, म्हणजे त्याच्या घरभेटींच्या वेळेत, एकवटलेले होते. डॉक्टर थोड्याच वेळापूर्वी येऊन गेलेले असत किंवा मृत्यूच्या क्षणी हजरच असत. रुग्णवाहिका बोलावली होती पण मृत्यू झाल्यामुळे ती रद्द केली, असे तो नातेवाइकांना सांगे, आणि टेलिफोनच्या नोंदींत असा कोणताच कॉल केलेला नसे. यातील एकेक गोष्ट सुटी पाहिली तर खटकत नाही. त्या एकत्र मांडल्यावर मात्र शंका राहत नाही.

औषधांचा साठा हा दुसरा साक्षीदार आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत विश्वासार्ह आहे, कारण त्याला कोणाविषयी प्रेम किंवा राग नसतो. जर्मनीतील डेल्मेनहोर्स्ट येथील रुग्णालयात नील्स ह्योगेल हा परिचारक आल्यानंतर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणाऱ्या एका औषधाचा खप कित्येक पटींनी वाढला. ते औषध मागवले जात होते, येत होते, संपत होते आणि रुग्णांच्या कागदांवर ते लिहिलेलेच नव्हते, तरीही औषधभांडार आणि वॉर्ड यांच्यात कोणी हिशेब जुळवून पाहिला नाही. २०१९ मध्ये त्याला ८५ खुनांबद्दल दोषी ठरवण्यात आले. अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांत सोळा वर्षे काम केलेल्या चार्ल्स कलेन या परिचारकाचा माग औषधांच्या संगणकीकृत कपाटाच्या नोंदींतून लागला. आपल्याकडे नसलेल्या रुग्णांच्या नोंदी तो उघडत होता आणि औषध मागवून लगेच मागणी रद्द केल्याच्या नोंदी त्याच्या नावावर फार होत्या. त्याने पुढे २९ खून कबूल केले.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असे कपाट नसते. डीडीएचे, म्हणजे मॉर्फिनसारख्या नियंत्रित औषधांचे, कुलूपबंद कपाट असते, त्याची चावी इन्चार्ज सिस्टरकडे असते, मॉर्फिन, फेंटानिल यांचे रजिस्टर असते आणि रिकाम्या अँप्यूल, म्हणजे औषधाच्या छोट्या कुप्या, परत जमा करण्याची पद्धत असते. तेवढ्या औषधांवर लक्ष असते. पण इन्सुलिन, हृदयाची औषधे, शिरेतून देण्याची क्षारद्रव्ये, स्नायू शिथिल करणारी औषधे ही फ्रिजमध्ये किंवा इमर्जन्सी ट्रॉलीवर मोकळी असतात, आणि ज्या प्रकरणांचा उल्लेख मी येथे केला त्यांत बहुतेक वेळा हीच साधी, रोजची औषधे वापरली गेली होती. म्हणून महिन्यातून एकदा तरी या औषधांची तीन आकड्यांत जुळवणी करावी: भांडारातून किती आली, केस पेपरवर किती लिहिली आणि दिली गेली, आणि आज किती शिल्लक आहेत. फरक दिसला म्हणजे गुन्हा झाला असे नाही, कारण धावपळीत दिलेले इंजेक्शन लिहायचे राहून जाते हे आपण सर्व जाणतो. पण तो फरक एकाच विभागात, एकाच औषधाचा आणि दर महिन्याला येत असेल तर त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय स्वस्थ बसू नये.

तिसरी गोष्ट नोंदींतील खाडाखोडीची. शिपमन रुग्णाला मारल्यानंतर संगणकावर मागच्या तारखा टाकून तिला हृदयविकार होता असे लिहून ठेवत असे. संगणक खरी वेळ आतल्या आत नोंदवून ठेवतो हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्या रुग्णालयात संगणकीय प्रणाली असेल तर ही आतील नोंद सुरू आहे आणि ती कोणालाही पुसता येत नाही, याची खात्री प्रशासनाने आजच करून घ्यावी. कागदी केस पेपर असेल तर मृत्यूनंतर लगेच पाने क्रमांकित करून, मोकळ्या जागेवर रेघ मारून, तो अभिलेख विभागात जमा करावा. रात्रभर तो वॉर्डातच पडून राहू नये.

स्वतःची नोंद कशी ठेवावी

समजा तुम्ही अधिपरिचारिका आहात आणि तुम्हाला काहीतरी खटकले आहे. त्याच दिवशी, पाळी संपल्यावर, एका बांधीव वहीत लिहा. सुटे कागद नकोत, पाने सलग क्रमांकाची असावीत, तारीख आणि वेळ लिहावी, खाली सही करावी. जे डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले तेवढेच लिहावे. ‘त्याने काहीतरी टोचले असणार’ हे वाक्य निरुपयोगी आहे, आणि तुमच्यावरच उलटू शकते. ‘रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी अमुक सहकारी सात नंबरच्या बेडजवळ होते, त्या रुग्णाची जबाबदारी माझ्याकडे होती, त्या वेळी कोणतेही औषध देय नव्हते, दोन वाजून पंचवीस मिनिटांनी मॉनिटरचा अलार्म झाला’ हे वाक्य दहा वर्षांनीही उभे राहते. दुसऱ्या कोणी तुम्हाला सांगितले असेल तर ते कोणी आणि केव्हा सांगितले हे स्पष्ट लिहावे.

केस पेपरचे फोटो मोबाइलवर काढू नयेत आणि काही झाले तरी व्हॉट्सअॅपच्या गटात याविषयी एक शब्दही टाकू नये. रुग्णाची माहिती ही त्याची खासगी मालमत्ता आहे, हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की अशी चर्चा फुटली की निरपराध माणूस बदनाम होतो, आणि अपराधी माणूस सावध होऊन पुरावा नाहीसा करतो. संशयिताला स्वतः जाब विचारू नये. पाळी बदलताना ओव्हर देतानाही सूचक बोलू नये. नोंदणी क्रमांक, बेड क्रमांक आणि वेळ एवढे वहीत असले की मूळ कागद शोधून काढण्याचे काम चौकशी करणाऱ्यांना करता येते.

त्या तासात काय जपून ठेवायचे

अनपेक्षित मृत्यू किंवा अचानक अत्यवस्थता झाली आणि शंका असेल तर पहिला तास फार मोलाचा असतो. रुग्णाला वाचवण्याचे प्रयत्न अर्थातच सर्वांत आधी. ते चालू असताना किंवा संपल्यावर लावलेली सलाइनची बाटली, सिरिंज, नळ्या, रिकाम्या अँप्यूल कचऱ्यात न टाकता स्वतंत्र पिशवीत ठेवून, वर वेळ व सही घालून, ड्यूटीवरील वरिष्ठ डॉक्टरच्या ताब्यात द्याव्यात. इन्फ्यूजन पंप (शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणारे यंत्र) आणि मॉनिटर बंद करून पुसून दुसऱ्या रुग्णाला लावू नयेत, कारण त्यांच्या स्मृतीत मागील काही तासांची माहिती असते. प्रयोगशाळेला लगेच फोन करून त्या रुग्णाचे आधी घेतलेले रक्ताचे नमुने टाकून देऊ नयेत असे सांगावे. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते वेगळे काढून ठेवण्याची लेखी विनंती त्याच दिवशी करावी.

रक्ताच्या नमुन्याचे महत्त्व इंग्लंडमधील ग्रँथम येथील घटनेवरून समजते. १९९१ मध्ये तेथील बालरुग्ण विभागात बेव्हर्ली ॲलिट या परिचारिकेने ५९ दिवसांत चार मुलांचा जीव घेतला आणि इतर अनेकांना इजा केली. मुलांची हृदये अचानक थांबत होती आणि त्याला काही ना काही वैद्यकीय स्पष्टीकरण दिले जात होते. एका मुलाच्या रक्तात इन्सुलिन प्रचंड प्रमाणात सापडले आणि शरीर स्वतः इन्सुलिन तयार करते तेव्हा त्याच्याबरोबर जो सी-पेप्टाइड नावाचा घटक रक्तात येतो तो त्या प्रमाणात नव्हता. याचा अर्थ ते बाहेरून दिले गेले होते. तो नमुना राखून ठेवला म्हणूनच हे कळले. मधुमेह नसलेल्या रुग्णाची साखर विनाकारण फार खाली गेली तर ग्लुकोज देण्यास एक क्षणही उशीर न करता, शक्य असल्यास त्याच सुईतून आधी रक्ताचा नमुना घेऊन ठेवावा, एवढे तरी प्रत्येक वॉर्डाने ठरवून टाकावे.

तक्रार कोणाकडे आणि कशी

नुसते तोंडी सांगून थांबू नये. परिसेविकेला (इन्चार्ज सिस्टरला) किंवा विभागप्रमुखांना बोलून दाखवणे ठीक आहे, पण त्याच दिवशी वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लेखी पत्र द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. शक्य असेल तर दोघी-तिघींनी मिळून सही करावी. पत्रात व्यक्तीवर आरोप न करता घटनांची यादी, वेळा आणि औषधांच्या साठ्यातील फरक द्यावा, आणि दोनच मागण्या कराव्यात: या मृत्यूंची विभागाबाहेरील डॉक्टरकडून तपासणी, आणि तपासणी होईपर्यंत संबंधितांना रुग्णांजवळच्या कामापासून दूर ठेवणे. ही शिक्षा नव्हे. पगार चालू ठेवून कार्यालयीन काम देता येते.

दुसरी मागणी मी इतक्या आग्रहाने का करते ते डेल्मेनहोर्स्टच्या हकिगतीवरून कळेल. २२ जून २००५ रोजी एका सहकारी परिचारिकेने ह्योगेलला एका रुग्णाजवळ पाहिले, रुग्णाचा पंप बंद केलेला होता. तिने प्रसंगावधान राखून रक्ताचा नमुना घेतला, त्यात न लिहिलेले औषध सापडले. एवढे झाल्यावरही त्याला ताबडतोब कामावरून दूर केले गेले नाही, आणि दोनच दिवसांनी त्याने आणखी एका स्त्रीला मारले. त्याआधी ओल्डेनबुर्ग येथील रुग्णालयात तर त्याच्याविषयी शंका येऊनही त्याला चांगले प्रशस्तिपत्र देऊन जाऊ दिले होते. कलेनचेही तसेच. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात २००२ मध्ये परिचारिकांना टाकाऊ डब्यात न मागवलेल्या औषधांच्या वापरलेल्या कुप्या सापडल्या, त्यांनी वर कळवले, तो राजीनामा देऊन गेला आणि काही महिन्यांतच न्यू जर्सीत दुसरीकडे कामाला लागला. तेथे जुलै २००३ मध्ये राज्याच्या विषबाधा माहिती केंद्राच्या प्रमुखांनी रुग्णालयाला स्पष्ट इशारा दिला होता, पोलिसांना मात्र ऑक्टोबरमध्ये सांगण्यात आले. मधल्या महिन्यांत माणसे मेली. या प्रकरणानंतर न्यू जर्सीने कायदा करून आरोग्यसेवकांविषयीची गंभीर माहिती कळवणे बंधनकारक केले.

आपल्याकडील रुग्णालयांनाही माझे हेच सांगणे आहे की ‘राजीनामा घेऊन प्रकरण मिटवले’ असे कधीही करू नये. नवीन कर्मचारी घेताना मागील प्रत्येक ठिकाणी फोन करून ‘तुम्ही यांना पुन्हा कामावर घ्याल काय’ हा एक प्रश्न विचारावा, परिचर्या परिषदेची किंवा वैद्यकीय परिषदेची नोंदणी स्वतः पडताळावी, आणि आपल्याकडून गेलेल्या माणसाविषयी कोणी विचारले तर खरे तेच सांगावे. शिपमनला १९७६ मध्येच पेथिडिन या नियंत्रित वेदनाशामक औषधाच्या खोट्या चिठ्ठ्या लिहिल्याबद्दल दंड झाला होता, तरी पुढील वीस वर्षे त्याच्या नियंत्रित औषधांच्या वापरावर कोणाचे लक्ष नव्हते.

प्रशासनाने दोन-तीन दिवसांत काहीही केले नाही, किंवा तुमच्यावरच दबाव आणला, तर थेट पोलिसांकडे जावे. खुनाची माहिती देण्यासाठी वरिष्ठांच्या परवानगीची गरज नसते. कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्द कोणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवता येते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात असल्यास पोलीस आयुक्तालयाला लेखी कळवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

नातेवाइकांसाठी

आपल्या समाजात मृत्यूनंतर काही तासांत अग्निसंस्कार होतो, आणि त्यामुळे निर्णयाला वेळ फार थोडा असतो. शिपमनचा गुन्हा सिद्ध होण्यास मोठी मदत झाली ती हाइडच्या माजी महापौर कॅथलीन ग्रंडी यांचे दफन झाले होते म्हणून. मृत्यूच्या दाखल्यावर त्याने कारण ‘वार्धक्य’ असे लिहिले होते, शवविच्छेदनाची गरज नाही असे सांगितले होते. त्यांची मुलगी स्वतः वकील होती, तिला आईचे नवे मृत्युपत्र पाहताच संशय आला. ऑगस्ट १९९८ मध्ये मृतदेह बाहेर काढून तपासला तेव्हा मृत्यूला पाच आठवडे उलटून गेल्यावरही शरीरात मॉर्फिन सापडले. दहन झाले असते तर यातील काहीही हाती लागले नसते.

म्हणून मृत्यू अगदी अनपेक्षित असेल आणि मिळणारी उत्तरे बदलत असतील, तर मृतदेह ताब्यात घेण्यापूर्वी शवविच्छेदनाची लेखी मागणी करा. शंका गंभीर असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार संशयास्पद मृत्यूची चौकशी, पंचनामा आणि शासकीय शवविच्छेदन करून घेणे हे पोलिसांचे काम आहे, आणि व्हिसेरा, म्हणजे रासायनिक तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवण्याची विनंती तुम्ही तेथे करू शकता. आजीला फाडायचे नाही, असे घरातील कोणीतरी म्हणेलच. त्या भावनेचा अवमान न करता, पण शांतपणे, हा निर्णय घरातील एका-दोघांनी घ्यावा लागतो.

उपचाराच्या कागदपत्रांची प्रत मागणे हा तुमचा हक्क आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचाराविषयीच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती मिळाली पाहिजे. अर्जावर तारीख व वेळ घालून पोच घ्या. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्रही मागा, कारण २०२३ मधील सुधारित कायद्यानुसार रुग्णालयाने त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते. त्यावर केवळ ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’ एवढेच लिहिले असेल तर ते का बंद पडले हे विचारा. हृदय सर्वांचेच बंद पडते, ते मृत्यूचे कारण होऊ शकत नाही.

संशय कितीही तीव्र असला तरी डॉक्टर किंवा परिचारिकेच्या अंगावर हात टाकू नये. महाराष्ट्रात २०१० पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे हे खरेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की वॉर्डात तोडफोड झाली की तेथील कागद, नमुने आणि साक्षीदार सगळेच विस्कटते. शिवाय ज्या माणसावर राग निघतो तो बहुधा त्या रात्री ड्यूटीवर असलेला, काहीही दोष नसलेला निवासी डॉक्टर असतो. चूक, निष्काळजीपणा आणि हेतुपुरस्सर केलेला खून या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन तुलनेने वारंवार घडतात, तिसरी फार क्वचित. तक्रारीत ‘खून’ हा शब्द वापरण्यापूर्वी एखाद्या त्रयस्थ डॉक्टरला कागद दाखवून घ्यावेत.

२०१६ मध्ये सातारा जिल्ह्यातील वाई येथे उघडकीस आलेले, डॉक्टर म्हणवणाऱ्या संतोष पोळ याच्यावरील अनेक खुनांच्या आरोपांचे प्रकरण मराठी वाचकांना आठवेल. तेथे तपास बेपत्ता व्यक्तीच्या शोधातून पुढे गेला, त्यामुळे त्याची पद्धत निराळी होती आणि वॉर्डातील देखरेखीसाठी त्यातून थेट फारसे घेता येत नाही.

प्रशासनाने कायमची लावून घ्यावी अशी सवय

मृत्यूंचा मासिक आढावा बहुतेक मोठ्या रुग्णालयांत होतो, पण तो एकेका रुग्णाच्या उपचारांची चर्चा करून संपतो. त्यात एक पान वाढवावे. महिन्यातील सर्व मृत्यू एका तक्त्यात वार, वेळ, बेड आणि ‘अपेक्षित की अनपेक्षित’ या रकान्यांसह मांडावेत आणि मागील बारा महिन्यांचा तक्ता त्याच्याशेजारी ठेवावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये सप्टेंबर २०२४ पासून कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू उपचार न केलेल्या एका स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकाने पाहणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. शिपमन आयोगाच्या शिफारशींनंतर तेथवर पोहोचायला त्यांना सुमारे दोन दशके लागली. आपल्या रुग्णालयाला एका वरिष्ठ डॉक्टरला आठवड्यातून दोन तास या कामासाठी मोकळे करायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आढाव्यासाठी माहिती गोळा करताना केवळ डॉक्टर आणि परिचारिकांना विचारून थांबू नये. हाइडमध्ये सर्वांत आधी ज्यांना काहीतरी बिनसल्याचे जाणवले त्यांत अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या कुटुंबातील एक स्त्री होती आणि वृद्ध स्त्रियांना बाजारात नेणारा एक टॅक्सीचालकही होता. आपल्या नेहमीच्या प्रवासी बायका एकामागून एक मरत आहेत आणि सगळ्यांचे डॉक्टर एकच आहेत, हे त्याच्या लक्षात आले होते. त्याने नावांची यादीही केली होती, पण आपले कोण ऐकणार म्हणून तो बराच काळ गप्प राहिला. आपल्याकडे वॉर्डातील मामा, मावशी, शवागारातील कर्मचारी, शववाहिनीचा चालक यांना असेच पुष्कळ काही दिसत असते आणि त्यांना कोणी कधी विचारत नाही. अधिसेविकेने तीन महिन्यांतून एकदा त्यांना, एकेकाला स्वतंत्रपणे, आपल्या खोलीत बसवून चहा द्यावा आणि विचारावे, ‘मावशी, अलीकडे वॉर्डात तुम्हाला काही वेगळे वाटले का?’ त्यांनी सांगितलेले त्यांच्यासमोरच लिहून घ्यावे, वाचून दाखवावे, आणि यामुळे तुमच्या नोकरीला काही होणार नाही असे स्वतःच्या सहीने त्याच कागदाखाली लिहून द्यावे.